आली लाइट
समस्त रायपूरकर मराठी मंडळींस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आपला संसार ‘लाइट’ या एका इंग्रजी शब्दावर चालतो: वीज लाइट, बल्ब लाइट, आजाऱ्याची खिचडीही लाइट. काल आमच्या बूढापारा मोहल्ल्यात लाइट गेली आणि विझलेल्या मेणबत्तीच्या वासानं काकांची ती संध्याकाळ आठवली. ऑपरेशननंतर त्यांच्या डोळ्यांची पट्टी सोडायची होती. दिसेल की नाही, डॉक्टरही सांगत नव्हते. नेमकी लाइट गेली, मेणबत्तीही विझली. घरात आम्ही तिघंच. काकूनं चाचपडत पट्टी सोडली. “आली लाइट!” काका ओरडले. दिवेलागणीच्या सवयीनं काकूनं आणि मी हात जोडले. काळोख मात्र तसाच, मला माझे हातही दिसेनात. आजही लाइट आली की मी आधी कोपरा बघतो, कारण तेव्हा काका म्हणाले, “तुम्ही दोघांनी जोडले, मग त्या कोपऱ्यातल्या भैयानं काहून नाही जोडले हात?”