फसलेल्या कल्पनेला टाळ्या

चहाच्या टपरीवर पत्रकांच्या घड्या घालत बसलो होतो. रेडिओवर फसलेल्या कल्पनांचा विनोदी कार्यक्रम लागलेला. पाहुणा खिदळत सांगत होता, "मंडईत बायकांसाठी स्वच्छतागृह बांधलं आणि पाण्याची लाइनच विसरलो!" टाळ्या, शिट्ट्या. निवेदक म्हणाला, "वा! चुकायलाही हिंमत लागते!"

शेजारी भाजी विकणाऱ्या मंदामावशीही हसल्या. मग एकदम थांबल्या. "आँ? हे तर आपल्याच मंडईतलं की! कुलूप आहे अजून त्याला."

माझं डोकंच फिरलं. चुकावं की माणसानं, खुशाल चुकावं. पण चूक यांची, भोगायची मावशींनी, आणि टाळ्या परत यांनाच? ही कसली हिंमत?

रागारागातच मी मावशींपुढे चहा सरकवला.

"नको रे बाबा," त्या म्हणाल्या. "आत्ता प्यायले तर संध्याकाळपर्यंत जाऊ कुठं?"