तोंड फिरवून बसलेल्या बाहुल्या

शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरी चिंध्या साचतात. पुढे-मागे उपयोगी पडतील म्हणून कुणी त्या टाकत नाही. आमचे किस्सेही असेच साचलेत. एकोणीसशे सत्तरनंतरची दोन-चार वर्षं नगरला दिल्लीगेटजवळच्या दोन खोल्यांत आम्ही तिघी कापडी बाहुल्या करायचो. मी कापड बेतायची, रझियाभाभी आत कापूस भरायची आणि सुमन नाक-डोळे काढायची. कापूस रझियाभाभीच्या नवऱ्याकडून यायचा, तो पिंजारी होता.

सुमनचा हात असा होता, की तिनं दोन टाके घातले की बाहुली आता बोलेल असं वाटायचं. पण तिच्या सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं, "दिवाळीपत्तोर जा. मंग घरात बस." सुमन घरात बसली की आमच्या बाहुल्या आंधळ्या राहणार, हे आम्हालाही कळत होतं. त्यामुळे त्या वर्षी दिवाळी जवळ येऊ नये असं वाटणाऱ्या अख्ख्या नगरात आम्ही तिघीच असू!

*

एकदा राहुरीच्या एका लग्नात आहेर द्यायला कुणीतरी मोठ्या बाहुल्यांची जोडी मागवली. चांगली दोन-अडीच फुटांची! एसटीत गर्दी, म्हणून नवरा माझ्या मांडीवर आणि नवरी रझियाभाभीच्या. ऊन लागून रंग उडायला नको म्हणून दोघांना शालीत गुंडाळलेलं.

शेजारच्या म्हातारीनं कौतुकानं विचारलं, "निजलं व्हय लेकरू?"

"निजलं," रझियाभाभी म्हणाली. कोण समजावत बसणार!

एवढ्यात नवरीचा हात खांद्यापाशी उसवलेला भाभीला दिसला. तिनं अंबाड्यातली सुई काढली आणि खचकन दंडात खुपसली. म्हातारीनं अशी किंकाळी फोडली की कंडक्टरनं घंटी ओढून गाडीच थांबवली!

सगळा उलगडा झाल्यावर सगळे पोट धरून हसले. म्हातारी मात्र राहुरी येईपर्यंत म्हणत होती, "तरी मी म्हन्ते, पोर रडलं कसं न्हाई!"

*

रझियाभाभीचा भरायचा हात सढळ. शेतकऱ्याच्या बाहुलीलासुद्धा ती शेटजीसारखं पोट काढायची. त्यात ते दुष्काळाचं साल. बायाबापड्या रस्त्याच्या कामावर खडी फोडत होत्या. पुण्याच्या दुकानदारानं निरोप धाडला, की तुमच्या भागातला शेतकरी असा गुबगुबीत कसा? गिऱ्हाइकं हसतात.

मी म्हटलं, "भाभी, जरा कमी भर."

ती म्हणाली, "ताई, खऱ्याच्या पोटात मला काय घालता येतं? ह्याला तरी जेवू दे की पोटभर!"

त्यानंतर मी तिला कधी टोकलं नाही. पोटापुरता सदराच जरा सैल बेतायला लागले.

*

आमचा एक नियम होता. डोळे लागलेल्या बाहुलीसमोर घरच्या गोष्टी काढायच्या नाहीत. भाभीचं म्हणणं, "डोळे आले म्हंजी तिला कळतं." आणि आमच्याकडे घरच्या गोष्टींशिवाय दुसरं होतं काय? म्हणून डोळे लागले की बाहुली फळीवर भिंतीकडे तोंड करून बसवायची.

पुण्याचे दुकानदार एकदा स्वतः आले. बघतात तर फळीभर बाहुल्यांच्या नुसत्या पाठी!

"अहो, यांना तोंडं लावायची राहिलीत का?"

"न्हाई हो," भाभी म्हणाली, "आमच्या गप्पा संपायच्या राहिल्यात!"

त्याच भेटीत ते म्हणाले, "ती जात्यावरच्या आजीची बाहुली आहे ना, ती भरपूर पाठवा. काय रागावून बघते हो! बायका हसतात आणि उचलून नेतात."

सुमन एकदम खाली बघून दोरा ओवायला लागली. कारण ती मिटलेली जिवणी आणि ती वर चढलेली डावी भुवई कुणाची, हे आम्हा तिघींना पक्कं ठाऊक होतं. घरी सासूशी वाजलं, की दुसऱ्या दिवशीच्या आज्या जास्तच फक्कड व्हायच्या!

*

आणि दिवाळी आठवड्यावर आली असताना सुमनच्या सासूबाई दारात उभ्या.

"बगू तरी काय दिवे लावतीया, आन् आजच बंद करते."

नशीब, आज्या भिंतीकडे तोंड करून होत्या. सासूबाईंनी खोलीभर नजर फिरवली. नवऱ्या बघितल्या, शेतकऱ्याच्या पोटाला बोट लावून बघितलं. मग फळीपाशी गेल्या.

"ह्या का गं तोंड फिरवून बसल्यात? रुसल्यात व्हय?"

आणि एक आजी उचलून त्यांनी सरळ केली.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. डावी भुवई इकडेही चढलेली, तिकडेही.

"कोन ही?"

"आजी," सुमन पुटपुटली. "जात्यावरची."

"कुनाची आजी?"

मला राहवलं नाही. "काकू, सगळ्यात जास्त हीच खपते. पुण्यात घरोघरी आहे."

त्यांनी आजी खाली ठेवली आणि निघून गेल्या. सुमन रडत रडत सुया गोळा करायला लागली. "ताई, माझं सपलं आता," म्हणाली. संध्याकाळी तिला दारापर्यंत सोडायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची जागा रिकामीच. भाभीनं कापूस हातात घेतला, पण भरायचा काही उत्साह नव्हता.

मग दार वाजलं. पुढे सासूबाई, मागे सुमन. सासूबाईंच्या अंगावर ठेवणीतलं हिरवं इरकली लुगडं, नाकात नथ, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, हातात पाटल्या. आमच्याकडे न बघता त्या तडक खिडकीपाशी गेल्या आणि उजेडात सुमनच्या समोर मांडी घालून बसल्या.

"हं, बग आता नीट. नथ न्हाई, पाटल्या न्हाईत. पुन्याला मला अशी भुंडी धाडीत हुतीस व्हय गं?"