केकवाल्याच्या लेकीच्या लग्नात फळांचा मनोरा

माझ्या काकाला सगळा बाजार लोणीकाका म्हणायचा. तीस वर्षं बेकरीत उभं राहून त्याने केकला लोणी लावलं, माणसांना मात्र कधी लावलं नाही. गिऱ्हाइकं त्याला वचकून असत, पण लग्नाचा केक हवा तर त्याच्याकडचाच.

एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं तसे त्याने कागदावर पाच मजले आखून ठेवले. लेकीने कागद पाहिला, घडी करून परत दिला आणि केक नको, फळं मांडू या, असं शांतपणे सांगितलं. लहानपणापासून तिच्या केसांना, दप्तराला, उशीलासुद्धा व्हॅनिलाचा वास यायचा. लग्नात तरी तो तिला नको होता.

काकाने लेकीशी दोन दिवस अबोला धरला. केकवाल्याच्या घरी केक नव्हता, हे लोकांना कोणत्या तोंडाने सांगायचं, असं त्याने काकूला विचारलं.

"सांगा, केक नव्हता, पण मुलगी होती," काकू म्हणाली आणि इस्त्री करत राहिली.

तिसऱ्या दिवशी तो फळं घेऊन आला. बुडाशी कलिंगड, त्यावर खरबूज, शेंड्याला अननस, मधल्या फटींत काड्यांनी टोचलेली द्राक्षं. सगळं ओळंबा लावल्यासारखं सरळ. तासाभरात मनोरा कलला, खरबूज ओट्यावरून घरंगळत मैद्याच्या पोत्यावर जाऊन बसलं आणि सफरचंदाच्या फोडी काळ्या पडल्या. सांगितलेलं न ऐकणारा माल काकाने पहिल्यांदाच हाताळला होता.

बेकरीसमोर एक फळवाली बसायची. काकाच्या डब्यातल्या चेरींना तिने एकदा चारचौघांत 'मेणाचे मणी' म्हटलं होतं. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. आता नाक मुठीत धरून जाणं भाग होतं. तिने आधी दोन गिऱ्हाइकं निवांतपणे सोडवली, मग याच्याकडे पाहिलं आणि कललेल्या मनोऱ्याची हकिगत ऐकून घेतली.

"पिकलेलं, दिसायला छान बघून घेतलंत ना? ओझं पेलायला जरा कच्चंच लागतं."

खरबूज नीट बसावं म्हणून कलिंगडात वाटीएवढा खळगा करायचा, सफरचंदाला लिंबाचं पाणी लावायचं, द्राक्षं न टोचता घोसानेच सोडायची, हे तिने शिकवलं. चार दिवस सकाळी काका अॅप्रन बांधून तिच्या गाडीपाशी उभा होता आणि येणारे-जाणारे त्यालाच पपईचा भाव विचारत होते.

लग्नाच्या दिवशी भर दुपारी हॉलमध्ये मनोरा ताठ उभा होता. फोटोग्राफरला केक कापतानाचा फोटो हवा होता. केक नसला तरी त्याचं काही अडलं नाही. नवऱ्यामुलाच्या मामाने सुरी आणून दिली आणि केक कापतात तशी खालून सुरुवात करा, असं सुचवलं. सुरी कलिंगडाकडे वळलेली पाहताच काका टेबलामागे धावला आणि त्याने दोन्ही हातांनी मनोरा धरला.

"वरून काप, बाळा. खाली मी धरलंय."

तिने अननसाला सुरी लावली. फोटोग्राफरने चाळीस फोटो काढले. त्या सगळ्या फोटोंत नवरीचा बाप म्हणजे कलिंगडाच्या दोन्ही बाजूंनी पुढे आलेले दोन हात.

अर्ध्या तासात नुसती सालं उरली. लग्नातला केक बशीत उष्टा पडतो, खुर्च्यांखाली सरकवला जातो, हे काकाने जन्मभर पाहिलं होतं. तो वाकून वाकून प्रत्येक खुर्चीखाली पाहून आला. काहीच सापडलं नाही, आणि त्याला थोडं वाईटच वाटलं. जाताना मामाने त्याचा हात हातात घेऊन सांगितलं, की केक उत्तम होता, फार गोड नव्हता.

पुढच्या आठवड्यात तसाच मनोरा हवा म्हणून तीन घरांतून विचारणा झाली. ती माणसं बेकरीत आलीच नाहीत, थेट फळवालीकडे गेली. तिने कामं घेतली आणि सांगितलं, "मांडायला आमच्याकडे माणूस आहे. नवीन आहे, पण हात बरा आहे."

काकाच्या कानावर हे गेलं. 'बरा' म्हणजे काय, याचा जाब विचारायला तो तावातावाने रस्ता ओलांडून गेला आणि दुपारी जेवायच्या वेळी द्राक्षं धुऊन परत आला.