कानबाईला खोली

श्रावण लागला आणि माझं देवावरचं मन उडालं. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. डिंडोलीतली आमची खोली मालकाने विकायला काढली आणि पंधरा दिवसांत खाली करा म्हणून सांगितलं. यांची नोकरी पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये, मी घरी साड्यांना लेस लावते. सुरतभर खोल्या पाहिल्या. आमची निम्मी कमाई भाड्यातच जाणार होती, वर डिपॉझिट. रोज नवा नकार घेऊन परतायचं.

त्यातच नागपंचमीनंतरचा रविवार जवळ आला. त्या दिवशी आम्हा खानदेशी लोकांच्या घरी कानबाई बसते. सासूबाई थकल्या म्हणून त्यांनी गेल्याच वर्षी घराण्याचा नारळ, म्हणजे आमची देवी, माझ्या हवाली केला होता. आता घरच नाही तर चौरंग कुठे मांडणार? हे म्हणाले, "नारळ गावी पाठवून दे." मी चिडून देव्हाऱ्यासमोर बोलून गेले, "बाई, आमचंच आम्हाला निभत नाही, तू तुझं बघ."

नारळ लाल फडक्यात गुंडाळला. त्याला घातलेली नथ काढायचा मात्र धीर झाला नाही. गावच्या बसमध्ये ओळखीच्या कुणाकडे द्यावा म्हणून माणशी भाड्याच्या शटल रिक्षाने निघाले. रडू आवरत नव्हतं. रिक्षात शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंना फडक्यातून नथ दिसली.

"कानबाईले कोठे लई चालनी व माय?"

कानबाईला कुठे नेतेस, हे आपल्या अहिराणीत ऐकलं आणि मी सगळं सांगून टाकलं. मुलगा-सून वापीला गेल्यापासून त्यांची वरची खोली बंद होती. भाडेकरू त्यांना नकोच होता. तरी त्या म्हणाल्या, "मना घर चाल. माय तठेच बसी." कानबाई त्यांच्याच घरी बसणार होती! भाडं आमच्या जुन्या खोलीएवढंच सांगितलं. डिपॉझिटचं नावही काढलं नाही.

हे देवीने केलं की एकट्या बाईला सोबत हवी होती, या वादात मी पडत नाही. करार अकरा महिन्यांचाच आहे, धाकधूक संपलेली नाही. पण हल्ली दिवा लावताना काही मागत नाही. तुझ्यावर सोडलं, एवढंच म्हणते, आणि डोळे भरून येतात.

त्या रविवारी कानबाई वरच्या खोलीत बसली. तिचा रोट, म्हणजे नैवेद्याची जाड पोळी, भाऊबंदांखेरीज कुणाला देत नाहीत, म्हणून घरमालकीण बाई दाराबाहेरच उभ्या राहिल्या. मी पहिला तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो कपाळाला लावून खाल्ला. सासूबाईंना हे अजून सांगितलेलं नाही.