टाकीवरचे दगड

दुष्काळाच्या आदल्या वर्षी काकांनी कोल्हारच्या मळ्यात गोबरगॅस बसवला. गोठ्यामागे शेणकाल्याची विहीर आणि तिच्यावर उपडी घातलेली लोखंडी टाकी. गॅस साठला की ती वर यायची. चुलीच्या धुराने काकूचे डोळे अधू होत चालले होते, म्हणून हा खटाटोप. पण शेगडीची ज्योत पिवळी, मलूल निघाली. तवा काळा व्हायचा, भाकरी मात्र कच्चीच.

"रविवारपर्यंत बघतो," काका म्हणाले, "न्हाईतर शेन उकिरड्यात अन् तू परत चुलीपुढं."

काकांचा जन्म गुऱ्हाळात गेलेला. उसाच्या रसाची काहील उकळेना की जाळ वाढवायचा, हे त्यांचं शास्त्र. गॅसला जोर यावा म्हणून त्यांनी टाकीवर चार दगड ठेवले. आता गॅस फुसफुसत आला, ज्योत शेगडीवरून उडाली आणि विझली. काकांनी आणखी दोन दगड ठेवले.

मी नगरहून दिवाळीच्या सुट्टीला आले होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला बर्नर मी रोज पेटवत असे. हवेचं भोक बंद असलं की ज्योत पिवळी होते, हे मला माहीत होतं, पण इंग्रजीत. शिवाय काकांना काही सुचवायची घरात कुणाला सवय नव्हती. दोन दिवस मी नुसती बघत राहिले.

रविवारी सकाळी काकूने चूल पेटवली. फुंकणी खाली ठेवून तिने पदराने डोळे पुसले, तेव्हा मी म्हणाले, "काकू, दगड काढून बघू का?"

"घ्या!" काका हसले. "जोर पुरत न्हाई म्हणून ठिवले, अन् मडम म्हंत्यात काढा. इंग्रजी शाळंत सैपाक शिकिवत्यात व्हय?"

"तुमी ठिवून बघितले न्हवं? आता तिला काढून बघू द्या," काकू म्हणाली.

मी सहाही दगड उतरवले. शेगडीच्या नळीवरचं कडं गंजून बसलं होतं, ते सांडशीने फिरवून हवेचं भोक उघडलं. काडी लावली. ज्योत बुटकी, निळी, बिनआवाजाची.

"पेटलाय का?" म्हणत काकांनी शेगडीवर हात धरला आणि झटक्यात मागे घेतला.

भाकरी टम्म फुगली. काका दुसरी मागेपर्यंत काकू थांबली. मग तांब्यातलं पाणी तिने चुलीतल्या लाकडावर ओतलं. भसकन धूर उठला आणि आम्हा तिघांच्याही डोळ्यांत गेला.