एक तोळ्याची गोळी

चिंचवडच्या सोनाराकडे बायका गळसरीचे मणी जोखायला बसलेल्या असत, तेव्हा आमचे सुभेदार खिशातून रायफलीची गोळी काढून तराजूत टाकत. सोनार शांतपणे विचारी, "नथ करायची की बुगडी?"

काडतुसांच्या डब्यावर ग्रेन या विलायती मापात छापलेल्या वजनावर सुभेदारांचा विश्वास नव्हता. नव्या डब्यातलं एक काडतूस पकडीनं सोडवून ते सुटी गोळी जोखून घेत. एकशे ऐंशी ग्रेन म्हणजे बरोब्बर एक तोळा, दीडशे म्हणजे दहा मासे. मी तिथल्या शाळेत मास्तर. हिशेब दोनदा तपासला. चूक सापडली नाही म्हणून हळहळलो.

पलटणीतून आल्यावर त्यांनी परवाना काढला होता. कुणाच्या रानात जनावर शिरलं की लोक त्यांच्याकडे येत आणि उलटतपासणीत सापडत. जनावर कोणतं, किती पावलांवर, कातडं जाड की पातळ? "हलकी गोळी नव्या जावयावानी," ते सांगत. "येगात येती अन् ओसरीवरच बसती. हरणाला चालती. डुकराला जड पाहिजे, थोरल्या नणंदेवानी. सावकाश येती, पर थेट माजघरात." त्यांची थोरली बहीण तिथंच तांदूळ निवडत असे. एवढं होईतो जनावर बहुधा चरून, ढेकर देऊन गेलेलं असे.

पिंपरीच्या धोंडिबाच्या भुईमुगात रानडुक्कर शिरलं, ते काढणीला आठवडा असताना. त्या एका तुकड्यावर त्याच्या घरचं वर्ष निघे. डुक्कर थोराड की तरणं, हे खुरांच्या ठशांवरून ठरवण्यात सुभेदारांनी दोन दिवस घालवले. निकाल लागला: एक तोळा. तिसऱ्या दिवशी ऊन कलताना आम्ही तिघं बांधाआड पालथे.

डुक्कर आलं. चाळीस पावलांवर आडवं उभं राहिलं, फोटो काढायला आल्यासारखं. सुभेदारांनी नेम धरला. आणि धरूनच ठेवला.

"वजन झालं, येग झाला," धोंडिबा कुजबुजला. "आता मुहूर्त बघताय व्हय?"

सुभेदारांनी रायफल खाली घेतली. "ही डुकरात थांबायची न्हाई. पल्याड बघ."

पल्याड नव्या कारखान्याचा पाया खोदणाऱ्यांची पालं होती. चुली पेटल्या होत्या.

धोंडिबा तणतणत तिकडं गेला, पालं हलवा म्हणून सांगायला. तिथं एका बाईनं झोळीतलं पोर त्याच्या हाती दिलं आणि पाणी आणायला आत गेली. ती परतली तेव्हा पोर कडेवर घेऊनच त्यानं डुकराचं गाऱ्हाणं सांगितलं; पालं हलवायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पालांतली सगळी माणसं भुईमूग उपटायला हजर. शेंगा जरा कोवळ्या, पण डुकराआधी घरात आल्या. सुभेदार मात्र बांधावरून सगळ्यांना रांगेत चालवायला बघत होते. कुणी ऐकलं नाही.

ते होते तोवर दरवर्षी पहिल्या शेंगांची पाटी त्यांच्या दारात येई. धोंडिबा ती उतरवून म्हणे, "घ्या. डुक्कर न मारल्याबद्दल."