खाडीकाठची तिसरी घंटा

ती घटना आजही आठवते, विशेषतः नोव्हेंबर लागला की. खून नाही, दरोडा नाही. तरीही त्या तपासाने मला जेवढं थकवलं तेवढं फार थोड्या गुन्ह्यांनी थकवलं असेल.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नवी मुंबई तेव्हा कागदावर जास्त आणि जमिनीवर कमी होती. उरणच्या बाजूला माझं पोलीस ठाणं. खाडीकाठच्या एका ख्रिस्ती वस्तीतले फादर तक्रार घेऊन आले: चर्चची घंटा चोरीला गेली. ते चार दिवस परगावी गेले होते, परतले तर मनोरा रिकामा. गाव नव्या शहरासाठीच्या भूसंपादनात गेलेलं, चर्च नव्या वसाहतीत हलायचं होतं. घंटेला तडा होता, म्हणून ती वितळवून नव्या चर्चसाठी नवी ओतायची, असं फादरांनी ठरवलं होतं. माणूस सरळ होता. त्यात त्यांना काही वावगं दिसत नव्हतं, मलाही दिसलं नाही.

कलम ३७९ खाली चोरीचा गुन्हा दाखल केला. आठवड्याभरात खबऱ्याने निरोप आणला की कळंबोलीला भंगारात पितळी घंटा आली आहे. आम्ही जीप पिटाळली. घंटा निघाली मोडीत काढलेल्या बोटीची. डिझेल गेलं, दिवस गेला, आणि भंगारवाल्याने वर आम्हालाच चहा पाजला.

मग मनोऱ्याची किल्ली ज्याच्याकडे असे त्या म्हाताऱ्याला ठाण्यात बोलावलं. उभा जन्म त्याने ती घंटा वाजवली होती. बाकावर पाय वर घेऊन बसला.

"बाबा, घंटा कोणी चोरली?"

"चोरली नाय सायेब."

"मग आहे कुठे?"

"गावानच हाय."

"गावात कुठे?"

दिवसभर विचारलं, आवाज चढवून विचारलं, जेवू घालून विचारलं. उत्तर तेवढंच. फक्त एकदा आपणहून बोलला. गावाच्या घंटा मुळात तीन. एक पेशवाईत कुणी सरदार घेऊन गेला, ती घाटावरच्या कुठल्या देवळात टांगलीय म्हणतात. दुसरी होडीतून नेताना खाडीत गेली, त्याच्या आज्याच्या डोळ्यांदेखत. उरली ती ही.

मला एक ठाऊक होतं. एवढी अवजड घंटा उतरवायची तर दोरखंड, कप्पी आणि आठ-दहा गडी हवेत. म्हणजे गावाला माहीत असणारच. पण अख्ख्या गावाने तोंडाला कुलूप लावलं होतं. गाव गप्प बसलं की पोलिसाने बोलणं थांबवावं आणि बघत राहावं, हे मला नोकरीने शिकवलं होतं.

नोव्हेंबरची दोन तारीख हा त्यांचा मृतांचा दिवस. सगळं गाव कबरस्तानात एकत्र येणार, म्हणून मी आमच्या जमादारांना घेऊन साध्या कपड्यांत गेलो. संध्याकाळ होत आली होती. जो तो आपापल्या माणसाच्या कबरीवर मेणबत्ती लावत होता, झेंडू वाहत होता. जमादार शेजारच्याच आगरी गावचे. त्यांनी मला हळूच कोपरा दाखवला. तिथे ताज्या मातीचा एक उंचवटा होता. वर क्रूस नाही, नाव नाही. आणि मेणबत्त्यांना जागा पुरत नव्हती.

"सायेब, येवरा मोठा मानूस कोन मेला गावान? आपल्याला कशी खबर नाय?"

मी फादरांना विचारलं, यंदा त्या कोपऱ्यात कोणाला पुरलं? ते म्हणाले, "तिथे? कोणालाच नाही."

कबर उकरायची म्हणून रीतसर तहसीलदारांना बोलावलं, पंच घेतले. हातभर खाली फळी लागली. फळीखाली पांढऱ्या कफनात गुंडाळलेली घंटा. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मला पंचनाम्यात काय लिहावं ते सुचेना. शेवटी "एक घंटा, तडा गेलेली, कापडासह" एवढंच लिहिलं.

म्हातारा पुढे आला.

"आमच्यान घंटेला पोरासारखा पानी घालून नाव ठेवतात, सायेब. जिला नाव ठेवलं तिला भट्टीन नाय घालत. मातीन ठेवतात. मी सगल्यांना सांगला होता, तिच्यावर मेनबत्ती लावू नका, पोलीस बघतील. पन आपलं मानूस पुरलंय आन आजचे दिवशी त्याला अंधारान कसा ठेवाचा? मलापन नाय राहवलं."

लबाडीचा हेतू नाही, म्हणून चोरी नाही, असा अहवाल मी पाठवला. कोर्टाने तो मान्य केला. म्हाताऱ्यावर खटला झाला नाही, आणि मुद्देमाल कायद्याप्रमाणे फिर्यादीच्या, म्हणजे फादरांच्या ताब्यात गेला. टेम्पोत चढवताना म्हाताऱ्याने ते कफन पुन्हा नीट गुंडाळलं. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण माझ्या हातात आता काही नव्हतं.

टेम्पो निघाल्यावर तो माझ्याजवळ आला. रागावला नव्हता.

"दोन हरवल्या तवा गेल्या, सायेब," तो म्हणाला. "ही सापडली म्हनून गेली."

नवी घंटा नव्या चर्चवर आहे. आवाज खणखणीत आहे. वस्तू शोधून काढायचं शिक्षण आम्हाला खूप मिळालं. ती खरोखर हरवली आहे का, हे आधी विचारायला कोणी शिकवलं नाही. म्हातारा त्यानंतर दोन पावसाळे जगला. त्याच्या मयताला मी गेलो होतो. जुना मनोरा तोवर पाडला होता आणि नवी घंटा अजून चढली नव्हती, त्यामुळे घंटा वाजली नाही.